छप्पन्न टक्क्यांचा क्वार्टरबॅक: जॉश ॲलनची कॉलेजची फिल्म कशी वाचावी

पुण्याहून एका वाचकाने विचारलं आहे: एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे क्लब कॉलेजातले खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात, त्या २०१८च्या ड्राफ्टआधी वायोमिंग विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) जॉश ॲलनला पहिल्या फेरीत घेणं म्हणजे शुद्ध जुगार आहे, असं कितीतरी जाणकार सांगत होते. कॉलेजात त्याचे शंभरातले जेमतेम छप्पन्न पास पोचत होते. पुढे तोच २०२४च्या मोसमाचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. मग ते सगळे जाणकार चुकले का? आणि एप्रिल महिन्यात पहाटे साडेपाचला उठून पहिली फेरी बघणाऱ्या आमच्यासारख्यांनी नव्या क्वार्टरबॅकचे गुण-दोष तोलायचे तरी कसे?

मी इथे अमेरिकेत शाळेतल्या मुलांना क्वार्टरबॅकचं तंत्र शिकवतो आणि फिल्म बघून एकेका थ्रोची नोंद ठेवण्याचं कामही करतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी निकाल सांगून टाकतो. दोष त्यांनी अगदी बरोबर पकडला होता. फक्त तो कशामुळे येतोय हे बघायला बरेच जण थांबले नाहीत. पण कारण सापडलं म्हणून धोका टळला असं नाही. ज्यांनी ॲलनला ‘नको’ म्हटलं, त्यांचा हिशेब आजही मला वेडगळ वाटत नाही.

आकडे समोर ठेवू. वायोमिंगकडून ॲलनने एकूण ६४९ पास टाकले, ३६५ पूर्ण झाले, म्हणजे ५६.२ टक्के. २०१६मध्ये ५६.० आणि २०१७मध्ये ५६.३. कोच म्हणून मला पहिल्यांदा खटकतं ते हे, की वर्षभरात आकडा हललाच नाही. दुसऱ्या वर्षी मुलाने पुढे जायला हवं, तेच माहितीचं प्लेबुक, तेच कोच. इथे तर एका पासमागचे यार्डही ८.६वरून ६.७वर घसरले.

पण त्याच दोन वर्षांच्या मध्ये त्या टीमचं काय झालं तेही बघा. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ब्रायन हिल गेला, रिसीव्हर (पास पकडणारा) टॅनर जेन्ट्री गेला, टाइट एंड (पास पकडणारा आणि अडवणाराही) जेकब हॉलिस्टर गेला, सेंटर (क्वार्टरबॅकला चेंडू मागे देणारा) चेस रुलिए गेला. चौघेही थेट एनएफएलच्या टीमांमध्ये. वायोमिंगसारख्या कॉलेजात असे चार जण एकदम गेले की मागे उरतं काय? २०१७च्या फिल्ममध्ये रिसीव्हर मोकळाच होत नाही, क्वार्टरबॅकला राखणारी लाइन अडीच सेकंदांत कोसळते आणि ॲलन पळत सुटतो, हे दृश्य इतक्यांदा दिसतं की टक्केवारी टिकली हेच थोडं आश्चर्य. शिवाय इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) १५वरून ६वर आले. पास कमी टाकले हे खरं, पण प्रमाण काढलं तरी चार टक्क्यांवरून सव्वादोनच्या आसपास आलं. सुधारणा होती. ती टक्केवारीच्या रकान्यात नव्हती, एवढंच.

दुसरी गोष्ट खेळाच्या पद्धतीची. हेड कोच क्रेग बोल आणि त्यांचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ब्रेंट व्हायगन दोघेही नॉर्थ डकोटा स्टेटहून आलेले, कार्सन वेन्ट्झला कॉलेजात आणणारी हीच मंडळी. त्यांचा खेळ जुन्या वळणाचा: सेंटरच्या मागे उभं राहायचं, प्ले-ॲक्शन (आधी धावण्याचा आभास, मग पास), लांब ड्रॉप (पास टाकण्याआधी मागे सरकणं) आणि मग पंधरा-वीस यार्डांवरचा पास. त्याच वर्षी ओक्लाहोमाचा बेकर मेफील्ड सत्तर टक्क्यांच्या वर होता, पण त्याच्या खेळात स्क्रीन (लाइनच्या मागेच दिलेला छोटा पास), झटपट छोटे पास आणि आखणीतूनच मोकळे झालेले रिसीव्हर भरपूर. मेफील्ड अचूक होताच, त्यात वाद नाही. पण त्याचे सत्तर आणि ॲलनचे छप्पन्न शेजारी मांडून ‘चौदा टक्के कमी’ म्हणणं म्हणजे वाका-स्टेडियमवरची सरासरी आणि चेपॉकवरची सरासरी एका ओळीत लिहिण्यासारखं आहे.

बरं, परिस्थितीची वजाबाकी केली म्हणून दोष संपतो का? नाही. ही वजाबाकी करताना माणूस पोराच्या प्रेमात पडतो, आणि मग प्रत्येक चुकीला कोणीतरी दुसराच जबाबदार ठरतो. म्हणून मी हुकलेला प्रत्येक पास वेगळा काढतो आणि एकच प्रश्न विचारतो: हा कुठे बिघडला? हातात, पायात, डोळ्यांत, की निर्णयात? दबाव नाही, रिसीव्हर मोकळा आहे, आणि तरीही हुकला, असे पास आधी बघायचे. तिथे लाइनला दोष देता येत नाही.

ॲलनचे असे पास बरेच होते. आणि त्यांत एक ठसा होता. तो हुकायचा तेव्हा चेंडू बहुतेक उंच जायचा. डाव्या-उजव्या बाजूंना पसरलेली चूक नव्हती. हे फार महत्त्वाचं आहे. ज्या मुलाला चेंडू कुठे जाणार याचा अंदाजच नसतो, त्याच्या चुका चहूकडे विखुरतात. एकाच बाजूला जाणारी चूक दिसली की मी फिल्म थांबवतो आणि पायांकडे बघतो.

पाय असे दिसतात. तो उजव्या हाताने टाकतो, म्हणजे डावा पाय पुढे पडणार. ड्रॉप संपताना दोन्ही पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा बरेच फाकलेले. तिथून टाकायचं ठरलं की डावा पाय आणखी लांब, जवळजवळ लंज मारल्यासारखा पुढे पडतो. गुडघा ताठ होतो, कंबर तिथेच अडकते, वळायला जागाच राहत नाही. आता चेंडूला जोर द्यायला उरला फक्त खांदा आणि दंड. इतर कुणाचा असा चेंडू रिसीव्हरच्या पायाशी पडला असता. याचा हात इतका जबरदस्त की तो डोक्यावरून सुसाट निघून जातो. आता त्याच सामन्यातला एखादा चांगला पास लावा. पाय जवळ, डावा पाय छोटा आणि लक्ष्याच्या किंचित डावीकडे उघडलेला, कंबर आधी वळते, खांदा मागून येतो. चेंडू थेट छातीच्या आकड्यांवर. एकाच माणसाची दोन वेगळी शरीरं असावीत तसं वाटतं.

म्हणजे त्याला अचूक टाकता येत नव्हतं असं नाही; तेच शरीर दर वेळी उभं करता येत नव्हतं. आमच्या धंद्यात ‘अचूकता शिकवता येत नाही’ असं छातीठोकपणे सांगतात. बहुतेक वेळा ते खरंही निघतं. पण त्या वाक्यात दोन वेगळे आजार कोंबलेले आहेत. नजर आणि वेळेचा अंदाज चुकणं हा एक, आणि पायांतून येणारी विस्कळीतता हा दुसरा. पहिल्यावर माझ्याकडे औषध नाही. दुसऱ्यावर आहे, पण ते कडू आणि दीर्घ मुदतीचं, आणि रोग्याने स्वतःहून घ्यायला हवं.

पायांशिवाय आणखी एक: हात आवरता न येणं. रनिंग बॅक पाच यार्डांवर फ्लॅटमध्ये (साइडलाइनकडच्या पट्ट्यात) मोकळा आहे, त्याला चेंडू हळूच, पुढे धावता येईल असा द्यायचा. ॲलन तोही वीस यार्डांवरच्या डिगसारखा (मैदानाच्या मध्याकडे वळणाऱ्या रिसीव्हरला दिलेल्या जोरकस पाससारखा) ठोकायचा. चेंडू हातांवर आपटून उडायचा आणि समालोचक म्हणायचे ‘ड्रॉप’, म्हणजे रिसीव्हरच्या हातून सुटला. मी अशा पासची नोंद क्वार्टरबॅकच्या नावावर करतो. कसाबसा पकडता येणारा आणि सहज पकडण्याजोगा यांत फरक आहे.

आता डोळे आणि निर्णय. इथे मला खरी भीती वाटली असती. मोठ्या कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या बलाढ्य गटांतल्या) टीमांविरुद्ध ॲलन तीनदा खेळला. २०१६मध्ये नेब्रास्का: ३२पैकी १६ पास, पाच इंटरसेप्शन. २०१७मध्ये आयोवा: ४०पैकी २३, फक्त १७४ यार्ड, दोन इंटरसेप्शन, टीमचे एकूण गुण तीन. मग ऑरेगन: २४पैकी ९, ६४ यार्ड. तिन्ही मिळून ९६पैकी ४८, एक टचडाउन आणि आठ इंटरसेप्शन. टीम कमजोर होती हे मान्य, पण आठ इंटरसेप्शन लाइनने टाकले नव्हते.

फिल्मवर दिसतं ते असं: पहिला रिसीव्हर झाकला गेला की नजर दुसऱ्याकडे जायला उशीर होतो. सेफ्टी (मागे उभा असलेला बचावपटू) त्याच्या डोळ्यांवरूनच चेंडूचा पत्ता ओळखतो. आणि प्ले मोडला की डोक्यात एकच विचार, काहीतरी अचाट करून दाखवायचं. चेंडू बाहेर फेकून दिला तर दुसऱ्या डाउनला (पुढच्या प्रयत्नाला) पुन्हा संधी मिळते, हे त्याला जणू अपमानासारखं वाटायचं. ही खोड पायांसारखी नसते. पाय आरशात दिसतात. हे स्वभावात असतं, आणि स्वभावातला तोच भाग त्याला तिसऱ्या डाउनला दोन लाइनबॅकर अंगावर घेऊन पुढे जायला लावतो. एक कापायला गेलात तर दुसराही कापला जातो. म्हणून निर्णयाच्या दोषावर मी ‘सुधारेल’ असा शेरा सहसा मारत नाही, ‘कमी होईल’ असा मारतो. जानेवारी २०२०मध्ये ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफमध्ये १६-० अशी आघाडी गेल्यावर, शेवटच्या मिनिटांत खाली पडता पडता त्याने चेंडू मागे टाइट एंडकडे फेकला होता. एनएफएलमधली दोन वर्षं झाल्यावरही वायोमिंगचा पोरगा अजून आतच होता. तो सामना ॲलनची टीम, बफेलो बिल्स, २२-१९ अशी हरली.

गुणांबद्दल फार लिहायची गरज नाही, ते आंधळ्यालाही दिसले असते. सहा फूट पाच इंच, २३७ पौंड, आणि कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) ताशी ६२ मैलांनी मोजला गेलेला चेंडू. तरी दोन सूचना. वायोमिंगचं लॅरमीतलं मैदान समुद्रसपाटीपासून ७,२२० फुटांवर आहे. तिथले सत्तर यार्डांचे क्लिप बघून भुलू नका, विरळ हवेत चेंडू जास्त जातो. हाताची खरी ताकद ओळखायची असेल तर लांब पास बघायचाच नाही. चेंडू डाव्या हॅशवर (प्ले जिथून सुरू होतो त्या खुणांच्या रांगेवर) असताना उजव्या साइडलाइनजवळचा आउट (साइडलाइनकडे वळणाऱ्या रिसीव्हरला दिलेला पास) बघा. कॉलेजात दोन हॅशमधलं अंतर ४० फूट आहे, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजातला हा पास व्यावसायिक मैदानातल्यापेक्षाही लांबचा. हवेत तरंगला तर कॉर्नर (कडेचा बचावपटू) मधे घुसून थेट टचडाउन करतो. ॲलनचा तो पास तरंगत नव्हता.

दुसरी सूचना पळण्याबद्दल. कॉलेजच्या आकडेवारीत सॅकचे (पास टाकण्याआधीच पाडल्याने गेलेले) यार्ड क्वार्टरबॅकच्या रनिंगमधून वजा होतात. एनएफएलमध्ये तसं नाही. २०१७मध्ये ॲलनच्या नावावर जेमतेम २०४ यार्ड दिसतात, आणि ते बघून ‘हा काही पळणारा नाही’ असं ठरवणारे मला भेटले आहेत. फिल्म लावली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं.

मैदानाबाहेरच्या गोष्टींना मी कमी वजन देतो. फायरबॉ नावाच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा, शाळेनंतर एकाही मोठ्या कॉलेजने विचारलं नाही, रीडली कॉलेजात एक वर्ष काढून स्वतःच देशभरच्या कोचना ईमेल पाठवत बसला, ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण कष्टाळू मुलं मी ढिगाने बघितली आहेत, त्यातली बहुतेक आज विमा विकतात. उलट ड्राफ्टच्या आदल्या रात्री त्याचे शाळेतल्या वयातले आक्षेपार्ह ट्वीट बाहेर आले, त्याने माफी मागितली. क्लबांनी त्याबद्दल विचारायलाच हवं होतं. पास टाकण्याशी मात्र दोन्हींचा संबंध नाही.

मग बफेलोने काय बघितलं? त्यांनी आपला डावा टॅकल (लाइनमधला खेळाडू) सौद्यात देऊन आधी २१वरून १२वर उडी मारली, मग टॅम्पा बेला दुसऱ्या फेरीतल्या दोन जागा देऊन १२वरून ७वर. किंमत मोठी होती, पण भविष्यातली पहिली फेरी गहाण टाकली नव्हती. त्याला बसवून शिकवायचं ठरलं होतं, तो बेत एक सामनाही टिकला नाही. पहिल्याच रविवारी बाल्टिमोरविरुद्ध ४७-३ अशी धूळधाण उडाली आणि नेथन पीटरमनच्या जागी ॲलनला उतरावं लागलं. नंतर कोपर दुखावलं, चार सामने बाहेर बसला. त्या काळात डेरेक अँडरसनसारख्या जुन्याजाणत्याच्या शेजारी उभं राहून खेळ बघायला मिळाला. माझ्या मते ती दुखापत त्याच्या पथ्यावर पडली.

पुढचे आकडे असे: २०१८मध्ये ५२.८ टक्के, २०१९मध्ये ५८.८, २०२०मध्ये ६९.२, सोबत ४,५४४ यार्ड आणि ३७ टचडाउन. तीन वर्षं तोच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, ब्रायन डेबोल. २०१९मध्ये जॉन ब्राउन आणि कोल बीझली आणले, २०२०मध्ये स्टेफॉन डिग्ज. उन्हाळ्यात क्वार्टरबॅक प्रशिक्षक जॉर्डन पामरकडे जाऊन त्याने पाय आणि कंबरेचा क्रम पुन्हा पुन्हा घटवला. यातला कुठला भाग किती कामी आला हे वेगळं काढता येत नाही. एवढं दिसतं की २०२०च्या फिल्ममध्ये पाय जवळ आलेले आहेत आणि उंच जाणारे पास खूप कमी झालेत. वायोमिंगच्या फिल्मवर जे कारण दिसत होतं, तेच दुरुस्त झालं.

इथे थांबलो तर तुम्ही चुकीचा धडा घ्याल, आणि तो घेणारे क्लबवालेही कमी नाहीत. ॲलनच्या आधी असे बरेच होऊन गेले. काइल बोलर गुडघ्यांवर बसून पन्नास यार्डांवरून गोलपोस्टमधून चेंडू पार करायचा. २००३मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनी १९व्या क्रमांकावर घेतला, क्वार्टरबॅक म्हणून कधी उभाच राहिला नाही. २०११मध्ये जेक लॉकर, आठवा, कॉलेजात चोपन्न टक्क्यांच्या आसपास. चार वर्षांत खेळ सोडला. २०१६मध्ये क्रिश्चन हॅकनबर्ग दुसऱ्या फेरीत गेला, त्याला नियमित मोसमातला एक डावही मिळाला नाही. आणि ॲलननंतर ‘पुढचा ॲलन’ म्हणून २०२३मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनी अँथनी रिचर्डसनला चौथ्या क्रमांकावर घेतलं. अंगकाठी आणि हात तसाच, पण कॉलेजात जेमतेम तेरा सामन्यांत सुरुवातीपासून खेळलेला. ॲलनचे त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. २०२४मध्ये रिचर्डसनचे ४७.७ टक्के पास पूर्ण झाले. ॲलनचं उदाहरण दाखवून त्याची किंमत ठरवली गेली, त्याच्या स्वतःच्या फिल्मवरून नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

उलट बाजूला जॉश रोझन. २०१८च्या त्याच फेरीत दहावा. पाय, ड्रॉप, फेकण्याची लय, सगळं पुस्तकातल्यासारखं. त्या वर्गातला सर्वांत ‘तयार’ क्वार्टरबॅक असं मानलं जायचं. वर्षभरात ॲरिझोनाने कायलर मरेला घेऊन त्याला मायामीला पाठवलं. फिल्मवर स्वच्छ पॉकेटमधून (लाइनने राखलेल्या जागेतून) तो सुंदर दिसायचा; पॉकेट मळल्यावर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. ॲलनचं नेमकं उलट. आणि फेरीतल्या शेवटच्या, ३२व्या जागेवर लमार जॅक्सन, ज्याला बिल पोलियन यांच्यासारखा अनुभवी माजी जनरल मॅनेजर रिसीव्हर व्हायचा सल्ला देत होता. त्याच्या बाबतीत तर जो दोष सांगितला गेला तो फिल्मवर शोधूनही सापडत नव्हता. हेसुद्धा लक्षात ठेवा: काही दोष खेळाडूचे नसतात, बघणाऱ्याच्या मनातल्या साच्याचे असतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर. दोष लिहिलात की शेजारी त्याचं कारण लिहा, आणि कारणाच्या शेजारी ते दुरुस्त करणारा माणूस त्या क्लबात आहे का ते. तोच पोरगा सतत कोऑर्डिनेटर बदलणाऱ्या टीमकडे गेला असता तर मी पैज उलट लावली असती. मग क्रमांक बघा. सातव्या जागेला जो धोका पेलतो तो पहिल्या जागेला पेलत नाही, कारण तिथे हुकलात तर हातातून गेलेला दुसरा खेळाडूही तेवढाच मोठा असतो.

सराव करायचा असेल तर ॲलनचा आयोवाविरुद्धचा सामना मिळवा. मैदानाच्या वरून घेतलेला, बावीसही खेळाडू दिसणारा कॅमेरा मिळाला तर उत्तम, नाहीतर टीव्हीवरचाही चालेल. चाळीसही पास एकेक करून थांबवत बघा. फक्त तीन गोष्टी टिपा: चेंडू सुटताना डावा पाय कुठे आहे, अंगावर कुणी आहे का, आणि हुकला तर कुठल्या बाजूला. रिप्ले आणि समालोचन बंद ठेवा. नंतर त्याच मोसमाच्या अखेरचा पोटॅटो बोल लावा, सेंट्रल मिशिगनविरुद्धचा, १९पैकी ११, तीन टचडाउन. हायलाइटमध्ये बहुतेकांनी हाच सामना आधी बघितलेला असतो. तुम्ही तो दुसरा बघा, आणि तेच तीन रकाने भरा.